नोकरीची नवी कसोटी : ‘केस’ची मुलाखत

मुलाखत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक देखावा उभा राहतो. लांबट टेबल, पलीकडे तीन-चार गंभीर मुद्रा, अलीकडे इस्त्रीचे कपडे घातलेला उमेदवार, आणि प्रश्न असे कीं, नांव काय, शिक्षण कोठें झालें, वडील काय करतात, आमच्याच कंपनींत कां यावयाचें आहे? अशा मुलाखतीची तयारी कशी करावी हें आपल्या घरांना आतां चांगलें ठाऊक झालें आहे. परंतु अलीकडे आपल्या मुलामुलींना एका निराळ्याच कसोटीला तोंड द्यावें लागतें. तींत उमेदवाराविषयीं फारसें विचारीतच नाहींत. त्याच्यापुढें एखाद्या धंद्याची अडचण ठेवतात आणि म्हणतात, “सांगा, येथें काय करावें?” तीस-चाळीस मिनिटें उमेदवार त्या अडचणीशीं झुंजतो आणि परीक्षक त्याचा विचार कोणत्या वाटेनें जातो तें पाहत बसतो. हिलाच ‘केस’ची मुलाखत म्हणतात.

गेल्या वर्षीं हा प्रसंग आमच्या घरीं आला. आमचें घर आखाडा बाळापूरचें. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतलें हें बाजाराचें गांव नांदेड-हिंगोली रस्त्यावर आहे. घरांत माझे आईवडील, थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयतां आणि मुलें मिळून नऊ माणसें. वडील गणिताचे निवृत्त शिक्षक, बंधू शेती पाहतात, वहिनी शाळेंत शिकवितात, आणि मी बँकेची नोकरी संपवून नुकताच घरीं आलों आहें. बंधूंच्या थोरल्या कन्येनें नांदेडास अभियांत्रिकीची पदवी पहिल्या वर्गांत मिळविली व पुण्याच्या एका कंपनीकडून तिला बोलावणें आलें. घरांतल्या सर्वांस वाटलें कीं, एवढी हुशार मुलगी, हिला कोण नाहीं म्हणेल?

तिला विचारण्यांत आलें तें असें : एका शहरांत औषधांच्या दुकानांची साखळी आहे, विक्री दरसाल वाढत आहे, पण नफा मात्र घटत आहे, तर याचें कारण काय? मुलीनें क्षणाचाही विलंब न लावतां बोलावयास आरंभ केला. दुकानांचें भाडें वाढलें असेल, नोकरांचे पगार वाढले असतील, जाहिरातींवर फार खर्च होत असेल, नवीं दुकानें आलीं असतील, लोक घरबसल्या औषधें मागवीत असतील. दहा मिनिटें ती अस्खलित बोलत होती. तिचें बोलणें संपल्यावर परीक्षकानें शांतपणें विचारिलें, “तुम्हांला मला कांहीं विचारावयाचें आहे काय?” ती म्हणाली, “नाहीं, सर.” मुलाखत तेथेंच संपली.

रात्रीं पंगतीला बसल्यावर तिनें हें सर्व सांगितलें तेव्हां माझे वडील म्हणाले, “बरोबरच केलेंस. वडील माणसानें प्रश्न विचारला तर उत्तर द्यावें. उलट प्रश्न करूं नये.” मी त्या वेळीं गप्प बसलों. परंतु पुढें या मुलाखतींविषयीं वाचलें, कांहीं अनुभवी तरुणांशीं बोललों, तेव्हां माझी खात्री झाली कीं, आमच्या मुलीचें काम अडलें तें नेमकें या वळणापाशींच. ‘फार विचारूं नकोस’ हें वाक्य तिनें लहानपणापासून किती वेळां ऐकलें असेल! आणि त्यांतलीं निम्मीं वाक्यें माझ्याच तोंडचीं असतील हें मला कबूल केलें पाहिजे.

ही पद्धति आली कोठून, हें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदा शाळेंत १८७० पासून लँगडेल नांवाच्या प्राध्यापकांनीं नियम पाठ करून घेण्याऐवजीं प्रत्यक्ष खटले विद्यार्थ्यांपुढें ठेवून त्यांतून नियम शोधून काढावयास लावण्याची रीत सुरू केली. पुढें १९०८ सालीं त्याच विद्यापीठांत व्यापारशिक्षणाची शाळा निघाली, व १९२१ च्या सुमारास तेथें धंद्यांतील खऱ्या अडचणी लिहून काढून त्यांवर वर्गांत वाद घालण्याची प्रथा पडली. आपल्याकडे १९६१ सालीं अहमदाबादेस विक्रम साराभाई प्रभृतींच्या खटपटीनें जी व्यवस्थापन संस्था निघाली तिनें हार्वर्डच्या सहकार्यानें हीच रीत उचलली. मोठमोठ्या कंपन्यांना सल्ला देण्याचाच धंदा करणाऱ्या मॅकिन्झी, बॉस्टन कन्सल्टिंग, बेन इत्यादि कंपन्यांनीं वर्गांतली ही रीत नोकरीच्या कसोटीस लावली. त्यांच्या कामाचें स्वरूपच असें कीं, आज साखर कारखाना, तर उद्यां इस्पितळ. ज्या धंद्याची माहिती नाहीं त्याविषयीं आठवडाभरांत शहाणपणानें बोलतां आलें पाहिजे. तेव्हां उमेदवारास काय ठाऊक आहे यापेक्षां, ठाऊक नसतांना तो कसा वागतो, हें पाहणें त्यांस अगत्याचें वाटलें. आतां ही कसोटी त्या कंपन्यांपुरती राहिलेली नाहीं. संगणकाच्या कंपन्या व आंकड्यांचें पृथक्करण करणारीं कार्यालयें हींही तिचा उपयोग करतात, आणि म्हणून ती आपल्या जिल्ह्याच्या मुलांपर्यंत येऊन पोंचली आहे.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. हार्वर्डच्या या व्यापारशाळेनें २०१० सालीं जी एक केस प्रसिद्ध केली ती आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवर होती. मावळ, खेड, जुन्नर या बाजूंचीं, बेताचें शिकलेलीं माणसें डब्यावरील रंगीत अक्षरें व आंकडे यांच्या खुणेवर घरचें जेवण कचेरींत आणि रिकामा डबा पुन्हां घरीं पोंचवितात. लोकल गाडी ठरल्या वेळीं सुटते म्हणून डबाही ठरल्या वेळींच फलाटावर असावा लागतो. ज्या व्यवस्थेकडे आपण ‘त्यांत काय पाहावयाचें आहे’ म्हणून पाहिलेंच नाहीं, तिच्यावर अमेरिकेंतले विद्यार्थी तासभर वाद घालतात. केसचें साहित्य असें आपल्या भोवतीं पडलेलें असतें. बाळापुरांतही तें आहे. त्याकडे मी पुढें येतोंच.

परीक्षक पाहतात तें काय? पहिलें, प्रश्न नीट समजून घेतला काय. दुसरें, अडचणीचे भाग पाडतां आले काय. तिसरें, कागदावर, यंत्राच्या साह्यावांचून, हिशोब करतां आला काय. आणि शेवटीं, ‘तर मग काय करावें’ याचें दोन वाक्यांत उत्तर देतां आलें काय. यांत अंतिम उत्तर परीक्षकाच्या वहींतल्या उत्तराशीं तंतोतंत जुळलेंच पाहिजे असें नाहीं. कांहीं ठिकाणीं परीक्षक स्वतःच एकामागून एक प्रश्न देऊन उमेदवारास पुढें नेतो, तर कांहीं ठिकाणीं सर्व लगाम उमेदवाराच्या हातीं सोडून तो स्वस्थ बसतो. दुसरा प्रकार आपल्या मुलांस अधिक जड जातो, कारण त्यांत कोणी ‘आतां पुढें’ म्हणत नाहीं.

ही सर्व विद्या परकी व अगदीं नवी आहे असें वाटून कोणी दबून जाऊं नये म्हणून एक जुनी हकीकत सांगतों. १८९७ च्या एप्रिलांत गोपाळ कृष्ण गोखले लंडनमध्यें वेल्बी कमिशनपुढें साक्षीस उभे राहिले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं नेमलेलें हें कमिशन. गोखल्यांचें वय त्या वेळीं एकतीसही पूर्ण नव्हतें. फर्ग्युसन कॉलेजांतील ते एक तरुण अध्यापक. समोर साम्राज्याच्या जमाखर्चांत मुरलेलीं माणसें. प्रवासांत कॅले येथें त्यांच्या छातीस दुखापत झाली होती ती निराळीच. तरी उलटतपासणींत ते डगमगले नाहींत, कारण तयारी पुण्याहूनच झाली होती. न्यायमूर्ति रानडे आणि सरकारी जमाखर्चाचे आंकडे ज्यांच्या जिव्हाग्रीं असत ते गणेश व्यंकटेश जोशी, या दोघांनीं त्या तयारींत हात घातला होता. जोशी हे शाळेचे हेडमास्तर. एका घरांत नसले तरी या तिघांचा संबंध एखाद्या विद्येच्या कुटुंबासारखाच होता, आणि त्या कुटुंबानें आपल्यांतला तरुण माणूस जगांतल्या मोठ्या परीक्षकांपुढें उभा केला.

परंतु याच प्रवासाची दुसरी बाजू आहे, आणि माझ्या मतें ती तितकीच उपयोगी आहे. पुण्यांत प्लेगच्या बंदोबस्तांत गोऱ्या शिपायांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या गोष्टी गोखल्यांस पत्रांनीं कळल्या, व त्यांनीं त्या विलायतेंत जाहीरपणें सांगितल्या. परत आल्यावर पुरावा मागण्यांत आला तेव्हां ज्यांनीं लिहिलें होतें तीं माणसें पुढें येण्यास तयार होईनात, आणि गोखल्यांस बिनशर्त माफी मागावी लागली. त्या गोष्टी खोट्याच होत्या असें यावरून ठरत नाहीं. परंतु जमाखर्चाचें बोलणें दोन दिवसांच्या उलटतपासणींत टिकलें आणि हें बोलणें टिकलें नाहीं, याचें कारण एकाच्या पाठीशीं दाखवितां येण्याजोगा आधार होता व दुसऱ्याच्या पाठीशीं नव्हता. आमच्या मुलीनें त्या मुलाखतींत ‘असेल, असेल’ म्हणून जीं पांच कारणें सांगितलीं त्यांतल्या एकाचाही आधार तिनें मागितला नव्हता. ही हकीकत मी तिला सांगितली तेव्हां ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

दिवाळीच्या सुटींत आम्हीं घरींच तालीम सुरू केली. पहिला नियम असा ठरला कीं, रोज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतलें कोणी एक तिला अडचण घालील आणि पहिलीं पांच मिनिटें तिनें फक्त प्रश्न विचारावयाचे. उत्तर द्यावयाचें नाहीं. दुसरा नियम इतरांस : ज्याची पाळी नाहीं त्यानें तोंड उघडावयाचें नाहीं. दुसरा नियम पाळणें सर्वांस फार कठीण गेलें. वडिलांनीं तर पहिल्या रात्रीं तीन वेळां उत्तर सांगून टाकलें. एकत्र कुटुंबांत सल्लागारांची वाण कधींच नसते. मुलाला विचार करूं देणारीं माणसें मात्र थोडीं असतात. शेवटीं आईनें त्यांच्या हातीं सुपारी व अडकित्ता दिला, तेव्हां कोठें काम चाललें.

प्रश्न कोणते विचारावे यासही थोडी शिस्त लागते. धंदा नेमका काय करतो? पैसे कोणाकडून व कशाबद्दल मिळतात? अडचण केव्हांपासून आहे? ती यालाच आहे कीं शेजारच्यासही आहे? मालकास शेवटीं काय हवें आहे? एवढे चार-पांच प्रश्न बहुतेक प्रसंगीं उपयोगीं पडतात. पण ते स्तोत्रासारखे ओळीनें म्हणूं नयेत. आधींच्या उत्तरांतून पुढचा प्रश्न निघाला तरच समोरच्यास वाटतें कीं ही मुलगी ऐकत आहे.

मग अडचणीचे भाग पाडावयाचे. या विषयावरील पुस्तकांत एक तत्त्व फार गाजलेलें आहे. मॅकिन्झीमध्यें १९६३ सालीं लागलेल्या बार्बारा मिंटो नांवाच्या बाईंनीं तें रूढ केलें. भाग असे पाडावे कीं कांहीं सुटूं नये व कांहीं दोनदां येऊं नये. मुलीला हें पुस्तकांतून नीट उमगेना. तेव्हां वहिनींनीं मिसळणाचा डबा पुढें ओढला. मोहरीची वाटी निराळी, जिऱ्याची निराळी, हळदीची निराळी. एकींतलें दुसरींत सांडत नाहीं आणि फोडणीला लागणारें सगळें डब्यांत आहे. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. उत्पन्न म्हणजे किती विकलें गुणिलें काय भावानें विकलें. खर्चांत कांहीं खर्च माल वाढेल तसा वाढणारा, कांहीं बसल्या जागीं लागणारा. या चार वाट्या नीट मांडल्या म्हणजे ‘जाहिरात’, ‘भाडें’, ‘स्पर्धा’ असे सुटे दाणे कोणत्या वाटींत टाकावयाचे तें कळतें.

हिशोबाच्या बाबतींत मात्र वडिलांचा खरा उपयोग झाला. पाठ्यपुस्तकांतून नाहींसे झालेले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे त्यांच्या तोंडीं अजून तसेच आहेत. मुलगी पंचाहत्तर गुणिलें पासष्ट कागदावर मांडून करीत असतां ते म्हणाले, “पंचाहत्तर म्हणजे शंभराचे पाऊण. पाऊण पासष्ट किती? पावणेएकोणपन्नास. झालें, चार हजार आठशें पंचाहत्तर.” तिनें त्याच आठवड्यांत पाऊणकी पाठ केली. शेंकडेवारी, त्रैराशिक आणि हिशोबाचा ताळा पाहणें, एवढें गणित या मुलाखतींना पुरतें. एक खांच मात्र ध्यानांत ठेवावी : पुष्कळ परीक्षक मिलियन-बिलियनमध्यें बोलतात. दहा लक्षांचा एक मिलियन व शंभर कोटींचा एक बिलियन, हें रूपांतर झोपेंतही करतां आलें पाहिजे. शून्यें चुकून गेलेले उमेदवार पुष्कळ असतात.

कधीं कधीं तर आंकडे मुळींच देत नाहींत. अदमासानें काढावयास सांगतात. पदार्थविज्ञानी एन्रिको फर्मी आपल्या विद्यार्थ्यांस विचारीत कीं, शिकागो शहरांत पियानोचे सूर लावून देणारे किती असतील? त्यांनीं स्वतः १९४५ च्या जुलैंत पहिल्या अणुस्फोटाच्या वेळीं कागदाचे कपटे हातांतून सोडून, ते किती दूर उडाले यावरून स्फोटाच्या जोराचा अदमास केला होता. खरा जोर त्याच्या दुपटीच्या आसपास निघाला, आणि कागदाच्या कपट्यांवरून एवढें जवळ जाणें म्हणजे कांहीं थोडें नव्हे. आम्हीं विचारिलें : बाळापुरांत रोज दूध किती लागत असेल? तिनें तीन हजार घरें व घरटीं एक लिटर धरलें. चहाचीं चाळीस दुकानें व प्रत्येकीं पंधरा लिटर. एकूण तीन हजार सहाशें लिटर. मी विचारिलें, “घरें तीन हजारच कशावरून?” तिनें मान्य केलें कीं तें गृहीत आहे, आणि गांवांतल्या शाळांचे पट व दर घरीं शाळेंत जाणारीं मुलें यांवरून तोच आंकडा दुसऱ्या वाटेनें तपासतां येईल असें सुचविलें. तिनें स्वतःहून ताळा काढण्याची ही पहिलीच वेळ.

आतां ती हळदीची केस सांगतों, कारण सबंध तालमींत जी गोष्ट आम्हां सर्वांच्याच मनांत ठसली ती तिच्यामुळें. हिंगोली जिल्हा हा हळदीचा जिल्हा. वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. हळद खणून निघाली कीं ती शिजवावी लागते, मग वाळवावी लागते, मग ढोलांत घालून तिची पॉलिश होते. पांच क्विंटल ओल्या हळदीची वाळून साधारण एक क्विंटल होते. शिजविण्याचें यंत्र ज्याच्यापाशीं नसेल तो तें भाड्यानें बोलावतो. बंधूंनीं यावर केस रचली. आंकडे अर्थात् सरावासाठीं कल्पिलेले.

ते म्हणाले, “एका गृहस्थाजवळ हळद शिजविण्याचा कुकर आहे. ट्रॅक्टरला जोडून तो शेतोशेतीं नेतो. दोन वर्षांपूर्वीं हंगामांत त्याला सहा लक्ष रुपये शिल्लक राहिले. यंदा साडेतीन लक्षच राहिले. कां?”

घरांतल्या निम्म्या माणसांच्या ओठांवर एकच शब्द आला : डिझेल. पण नियमाप्रमाणें सारे गप्प.

मुलीनें विचारिलें, “बाबा, पैसे कशावर घेतात? दिवसावर कीं मालावर?”

“मालावर. ओल्या हळदीच्या क्विंटलला दोनशें रुपये.”

“दोन्ही वर्षीं दर तोच?”

“तोच.”

“हंगाम किती दिवसांचा?”

“पंचाहत्तर. दोन्ही वर्षीं तेवढाच.”

“मग दिवसाला किती क्विंटल शिजते?”

“पूर्वीं ऐशीं. यंदा पासष्ट.”

येथें तिनें एक मिनिट मागून घेतलें व कागदावर मांडणी केली. पूर्वीं ऐशीं गुणिलें पंचाहत्तर म्हणजे ६,००० क्विंटल, त्याचे बारा लक्ष रुपये. शिल्लक सहा, म्हणजे खर्च सहा लक्ष. यंदा ४,८७५ क्विंटल, त्याचे ९,७५,००० रुपये. शिल्लक साडेतीन लक्ष, म्हणजे खर्च ६,२५,०००. घट एकंदर अडीच लक्षांची. त्यांतली सव्वादोन लक्षांची घट काम कमी झाल्याची, आणि खर्च वाढला तो फक्त पंचवीस हजारांनीं. म्हणजे नुकसानीचे नव्वद टक्के एका बाजूस व दहा टक्के दुसऱ्या बाजूस. ज्या डिझेलवर आम्ही सर्वजण मनांत खापर फोडून मोकळे झालों होतों तें सारेंच्या सारें त्या दहा टक्क्यांत मावत होतें.

“मग पासष्टच कां?” तिनें पुढें विचारिलें. “यंत्र बिघडतें काय? मजूर कमी आहेत?”

“यंत्र ठीक. मजूर तेवढेच.”

“मग कामाचे तास कमी झाले असतील. वाटेंत वेळ जातो काय?”

बंधू हंसले. शेजारच्या गांवांत दुसऱ्या कोणी नवा कुकर आणला होता; त्यानें जवळचीं मोठीं शेतें धरलीं, आणि या गृहस्थास लांबलांबचीं लहान शेतें उरलीं. एका शेतांतून दुसऱ्या शेतांत जाऊन यंत्र पुन्हां तापविण्यांत रोजचे दीड-दोन तास फुकट जात होते. मुलीनें शेवटीं सांगितलें : “दर कमी करूं नये. दर उतरवून फार तर दोन-चार शेतें परत येतील, पण उरलेल्या प्रत्येक क्विंटलवर तोटा होईल. एका बाजूच्या गांवांची कामें आधीं नोंदवून एका आठवड्यांत करावीं, म्हणजे चाल कमी होईल. लहान शेतकऱ्यांनीं माल एका खळ्यावर आणला तर त्यांस क्विंटलमागें दहा रुपये सूट द्यावी. आणि हें परवडेल कीं नाहीं तें पाहण्यासाठीं मला आधीं वाहतुकीचा खर्च विचारावा लागेल.”

“सूट दिली तर बाजूचा कुकरवालाही देईल,” बंधू म्हणाले.

“देईल. म्हणून सुटीपेक्षां नोंदणी आधीं.”

माझ्या बँकेच्या नोकरींत कर्जाचे अर्ज घेऊन आलेले पुष्कळ धंदेवाले मीं पाहिले. ‘खर्च वाढला’ असें प्रत्येकजण म्हणे. खर्चाची व कामाची अशी दोन खात्यांत विभागणी करून आणणारा क्वचितच. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही त्यांस तें विचारीत नसूं.

शेवटच्या उत्तराविषयीं एक सूचना. आपल्या शिक्षणांत आधीं कारणें, मग विवेचन, मग निष्कर्ष, अशी चाल आहे. या मुलाखतींत ती उलटी करावी लागते. परीक्षक म्हणतो, “मालक आतां दारांत आला आहे, त्याला काय सांगाल?” तेव्हां पहिल्या वाक्यांत करावयाचें काय तें, नंतर त्याचीं दोन-तीन कारणें आंकड्यांसह, आणि नंतर त्यांत धोका कोणता तें सांगावें. कीर्तनांत पूर्वरंग आधीं येतो. येथें पूर्वरंगाला कोणी थांबत नाहीं.

पुस्तकें, शिकवण्या, चित्रफिती, कृत्रिम बुद्धीशीं संगणकावर होणारे संवाद, हीं सर्व साधनें आज मिळतात व तीं वाईट नाहींत. परंतु पन्नास ठराविक सांचे पाठ करून गेलेला उमेदवार परीक्षकास लगेच ओळखूं येतो, असें या कामांतल्या माणसांनीं मला सांगितलें. ज्यानें दहा-बारा प्रसंग जिवंत माणसासमोर, मोठ्यानें बोलत, चुकत सोडविले त्याची तयारी अधिक. इंग्रजीची भीति हाही आपल्या भागांतल्या मुलांचा मोठा अडथळा आहे. आम्हीं पहिला आठवडा सर्व मराठींत केला व मग तेच प्रसंग पुन्हां इंग्रजींत केले. विचाराची वाट आधीं मळलेली असली म्हणजे भाषा मागून चालत येते. दोन्ही ओझीं एकदमच डोक्यावर दिलीं कीं मूल बोलेनासें होतें. तसेंच, ज्या घरांत चार धंद्यांची माणसें नाहींत त्यांनीं शेजार धुंडाळावा. अडत्या, औषधांचा दुकानदार, दूध संकलन करणारा, एसटीचा वाहक, यांपैकीं प्रत्येकाजवळ दोन-दोन केसी आहेत, आणि कोणी आदरानें विचारलें तर ते तासभर सांगत बसतात.

तिची दुसरी मुलाखत संगणकावरून झाली. त्या दिवशीं माजघरांत टेबल मांडलें, वीज गेली तर म्हणून बॅटरीची सोय केली, आणि वडिलांनीं दारांत खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांस बोटानें गप्प केलें. प्रश्न असा होता : दहा हजार विजेच्या रिक्षा असलेल्या एका शहरांत त्या भारून घेण्यासाठीं किती केंद्रें लागतील? आंतून प्रथम चार-पांच मिनिटें तिचे प्रश्नच ऐकूं येत होते. त्या फेरींत ती उत्तीर्ण झाली. शेवटच्या फेरींत मात्र त्या कंपनीनें तिला घेतलें नाहीं. पौषांत तिसऱ्या ठिकाणीं, तेंही पुण्यासच, तिला काम लागलें.

त्या रिक्षांच्या मुलाखतीनंतर चहा होत असतां वडिलांनीं विचारिलें, “किती केंद्रें सांगितलींस?”

“अडीचशें, आजोबा.”

“बरोबर होतें का?”

“तें सांगत नाहींत.”

वडील उठले, पंचांगाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनें बराच वेळ कांहीं मांडीत बसले, आणि दिवेलागणीला येऊन म्हणाले, “तुझा आंकडा कमी आहे. रिक्षावाले दिवसभर सारखे येणार नाहींत. धंदा संपल्यावर रात्रीं सगळे एकदमच येतील. पावणेचारशें तरी लागतील.”

“पण आजोबा,” ती म्हणाली, “त्यांतल्या किती जणांच्या घरीं वीज भरण्याची सोय आहे, तें तुम्हीं विचारलेंत कां?”

वडिलांनीं चष्मा काढला, पान पुन्हां उलटें केलें आणि तिला शेजारीं बसावयास सांगितलें.